पाचवा महिना लागेपर्यंत

शिंदीच्या दारूचं दुकान चालवते म्हणून मला कुणी अडाणी समजू नये. तालुक्याला देगलूरला आम्हा समद्या शिंदीवाल्यांना बोलावून दोन दिवस शिकवलंय. मालविका डॉक्टरीण म्हणाली, पोटुशी बाईला घोटभरबी वाढू नका, पहिल्या महिन्यांत तर नकोच, लेकराचं डोकं घडत असतं. शंका आली की सरळ विचारा. आम्ही माना हलवल्या. मी मनात म्हणलं, हिला काय कळतंय! आमच्याकडं पाचवा लागेपर्यंत पोटाचं नाव काढत न्हाईत, नजर लागते. विचारलं अन् काही झालं, तर खापर माझ्याच डोक्यावर.

सरजाबाई रोज दुपारी यायची. भूकंपात तिची दोन्ही लेकरं गेली, तवा नवऱ्यासंगं माहेरी, आमच्या गावात, राहायला आली. लेकरं बंद व्हायचं ऑपरेशन झालं होतं, ते परत उलटवून आणलं. चार वर्षं वाट बघत होती. शिंदी घेतली की डोळा लागतो म्हणायची.

श्रावणात एकदा ती बसल्या बसल्या कुडाची माती खरवडून खाऊ लागली. चार लेकरं जन्माला घातलेली बाई मी, मला लगेच कळलं. पेला भरताना हात थांबला. पण याच लेकराला माझी नजर लागली तर? लई भ्याले मी. थोडं पाणी घातलं अन् वाढलं. रोज तसंच करत राहिले.

दिवाळी झाली अन् ती हळदकुंकू घेऊन आली. पाचवा लागला, शुक्रवारी ओटी भरायचीय, ये म्हणाली. मग पेला पुढं केला. आता उघड झालं होतं, म्हणून मी एकदाची बोलले. लेकराला बाधतं, आता वाढणार न्हाई. डॉक्टरणीनं सांगितलेलं समदं सांगितलं.

"हे तुला कधी सांगितलं?"

"उन्हाळ्यात."

तिचा हात पोटावर गेला. "अन् माझं कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. जीभच वळली न्हाई. "श्रावणात," मी म्हणलं.

तिनं पेला हळूच खाली ठेवला.

"मग दानम्मा मावशी, इतके दिवस तू माझ्या लेकराला काय पाजत होतीस?"

ओटीला मी गेले न्हाई. बाळंतपणाला अजून चार महिने हायेत. अन् ती आमच्या गल्लीतून जातच न्हाई.