उलटा लंबक

रश्मीने पोलादी दांडी उभी धरली, बोट काढलं आणि दांडी कलंडून टेबलावर आपटली. बारामतीच्या कॉलेजातल्या त्या सभागृहात कुणीतरी हळूच हसलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "लंबक खाली लोंबतो. उलटा उभा राहत नाही."

तिच्या पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा चालू होती. टेकूच ठरावीक लयीत वरखाली हलत राहिला, तर उलटा लंबक किती वेगाला तग धरतो, एवढंच गणित ती गेली काही वर्षं सोडवत होती. समीकरणं परीक्षकांना पटली होती. आता दाखवायचं होतं. दांडी बिजागरीने जोडली होती ती लाकूड कापायच्या यंत्राच्या वरखाली हलणाऱ्या पात्याला. तिच्या भावाने, बुद्धघोषने, ते आपल्या फर्निचरच्या दुकानातून आणलं होतं.

तिने यंत्र सुरू केलं, दांडी उभी केली. पडली. वेग वाढवला. पुन्हा पडली.

मागच्या रांगेतून बुद्धघोष उठायला लागला. शेजारी बसलेल्या आईने, ताईबाईंनी, त्याला मनगट धरून खाली बसवलं.

"तिचं तिला करू दे."

रश्मीने फळ्यावरच्या आकड्याकडे पाहिलं आणि वेगाचं बटण आणखी फिरवलं. घरघर चढली. तिने बोट काढलं.

दांडी उभी राहिली. नुसती थरथरत, ताठ. टाळ्या पडल्या.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" परीक्षकांनी विचारलं.

ताईबाईंचा हात वर गेला. जर्मनीतल्या एका विद्यापीठाने रश्मीला दोन वर्षांसाठी बोलावल्यापासून आई त्या विषयावर चकार शब्द बोलली नव्हती. विषय निघाला की ती चालवत असलेल्या लासुर्ण्याच्या अंगणवाडीतल्या पोरांचं काहीतरी सांगायची.

"ढकलली तर पडंल का ती?"

"ये की, आई. ढकलून बघ."

ताईबाई चपला खालीच काढून मंचावर चढल्या. एका बोटाने त्यांनी दांडीला ढकललं. ती झुकली, डोलली आणि परत ताठ झाली. त्यांनी जरा जोरात ढकललं. पुन्हा तेच. ताईबाई खळखळून हसल्या. मग परीक्षकही खुर्ची सोडून आले, आणि त्यांच्यामागे सगळं सभागृह. त्या गलक्यात पदवीची शिफारस जाहीर झाली, ती निम्म्या लोकांना ऐकूच आली नाही.

नंतर चहा आला. ताईबाईंनी बशीत ओतून फुंकर घातली.

"रश्मे, जर्मनीत थंडी लई असती का गं?"

रश्मीचा कप ओठांशीच थांबला.

"व्हय. लई असती."

"मग लोकर आजच घिऊ. इणायला येळ लागतो."