डावी बाजू चूक आहे

माझ्या सुनेच्या डोक्यात फर्निचरच्या दुकानाची पाटी पडली, तेव्हा ती दुकानात शिरतसुद्धा नव्हती. बाहेरून आपली मुकाट चालली होती. पाटीवर लिहिलं होतं, 'या, आरामात बसा'. ती बसली नाही, आडवी झाली.

डोक्याला सात टाके, अकरा दिवस दवाखाना, आणि घरी आली ती हसतखेळत. मुलगा म्हणाला, "सुटलो." मीही म्हटलं, सुटलो बाई. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढे सूप ठेवलं, तर म्हणाली, "म्हातारे, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

अठरा वर्षांत ती मला 'अहो आई' सोडून काही म्हणाली नव्हती.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ती तक्रारींचे फोन घ्यायची. पलीकडचा कितीही बोंबलू दे, हिचा आवाज लोण्यासारखा. पुन्हा कामावर गेली त्याच दिवशी एकाला म्हणाली, "पाणी आज येणार नाही, उद्याही नाही. आणि असंच ओरडणार असाल तर व्हॉल्व्ह मी स्वतः बंद करून येते." चौथ्या दिवशी साहेबांना टकलावरून काहीतरी सुचवलं. पाचव्या दिवशी घरी.

हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसले होते. पण ती गॅस पेटता ठेवून बाहेर निघून जायची. अंडं कचऱ्यात टाकायची आणि टरफल तव्यात. एक मोजा पायात चढवला की दुसऱ्याचं काय करायचं ते सुचेना, मग तासभर हातातल्या मोज्याकडे बघत बसायची. तेव्हा हसू यायचं नाही. मुलगा ट्रक चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेर. म्हणजे घरात ती आणि मी.

आम्ही दुकानावर दावा लावला. आमच्या वकीलबाई बुटक्या, चपळ, आणि बॅग त्यांच्याहून मोठी. त्यांनी सांगितलं, "काकू, घोळ असा आहे की मेंदूचे फोटो स्वच्छ आलेत. आणि तुमची सून दिसायला ठणठणीत. जे दिसतच नाही ते न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं, तर काहीतरी हातात पाहिजे."

म्हणून त्यांनी तीन गोष्टी जमवल्या. एक रबरी मेंदू, तुकडे सुटे होणारा. दुसरी, सुनेच्या एका सकाळची फिल्म. ती काढायला लग्नाचे व्हिडिओ करणारा आणला होता. त्याने सवयीने मागे बासरी लावली आणि तव्यात पडणारं टरफल स्लो मोशनमध्ये दाखवलं. वकीलबाईंनी त्याला असा झापला की बासरी गेली, पण टरफल तरंगतच राहिलं. तिसरी गोष्ट, दरवाजाएवढा फलक. डावीकडे 'अपघातापूर्वी', उजवीकडे 'अपघातानंतर'.

डावी बाजू मुलाने सांगितली तशी लिहिली होती. 'शांत, गोड स्वभाव. कधीही रागावत नसे. सासूशी मायलेकीसारखे संबंध.'

मी वाचलं आणि मला ठसकाच लागला.

"काकू, फलक हा काही स्वतः पुरावा नाही," वकीलबाई म्हणाल्या. "तो बरोबर आहे असं कोणीतरी शपथेवर सांगावं लागतं. घरात सगळं बघणाऱ्या तुम्हीच. तुम्ही फक्त 'हो' म्हणा."

"शपथ घेऊन?"

"शपथ घेऊन."

त्या रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. मायलेकी! मी त्या मुलीला अठरा वर्षं मिठावरून बोलले, झोपण्यावरून बोलले, तिच्या माहेरच्यांवरून तर विचारूच नका.

कोर्टात आधी डॉक्टर आले. रबरी मेंदू न्यायाधीशांपुढे धरून त्यांनी कपाळामागचा तुकडा काढला. "मनात आलेलं तोंडाबाहेर पडू द्यायचं की नाही, कामात आधी काय आणि मग काय, हे इथे ठरतं," असं सांगता सांगता तो तुकडा हातातून निसटला आणि टणटण उड्या मारत टेबलाखाली गेला. लेखनिक गुडघ्यांवर रांगत त्याला शोधायला लागला.

मागून सून मोठ्याने म्हणाली, "तरी म्हटलं, माझा गेला कुठे."

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला.

दुकानाचा वकील लाल टायवाला. तो ताडकन उठला. "साहेब, हे नाटक आहे. फोटो स्वच्छ आहेत. काही माणसं मुळातच फटकळ असतात, त्याला आमची पाटी काय करणार?"

मग मला पिंजऱ्यात बोलावलं. वकीलबाईंनी फलक पुढे केला. "काकू, यात लिहिलंय ते बरोबर आहे?"

मी उजवी बाजू वाचली. गॅस, मोजा, नोकरी. "उजवी बाजू बरोबर आहे. डावी चूक आहे."

वकीलबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मुलाने डोक्याला हात लावला. लाल टाय खुलला. "म्हणजे स्वभाव आधीपासूनच असा होता! ऐकलंत साहेब?"

"मला पुरतं बोलू द्या," मी म्हटलं.

न्यायाधीश म्हणाले, "बोला आजी."

"रागवायची नाही असं कसं होईल? मी तिला रडवलंय. ती रागाने लाल व्हायची. पण मग बाथरूममध्ये जायची, नळ सोडायची, आणि मला जे काही म्हणायचं ते त्या नळापाशी म्हणायची. तिला वाटायचं मला ऐकू येत नाही. माझी खोली भिंतीला लागून आहे. म्हातारी, कजाग, कधी मरणार, सगळं मी ऐकलंय. मग नळ बंद. बाहेर येऊन म्हणायची, 'अहो आई, चहा ठेवू का?' आता मनात आलं की जिथे उभी असेल तिथे म्हणते. तो मधला नळ गेला, साहेब. पाटीने तोच तोडला."

लाल टायवाल्याने विचारलं, "पण हे तुम्ही आजवर कोणाला सांगितलं का नाहीत?"

"माझीच अब्रू गेली असती ना!"

न्यायाधीशांनी मला मार्कर द्यायला लावला. मी 'कधीही रागावत नसे' यावर काट मारली आणि वाकड्या अक्षरात लिहिलं, 'रागवायची, पण गिळायची.' 'मायलेकीसारखे' वरही काट मारली. तिथे काय लिहावं ते सुचेना, म्हणून जागा तशीच सोडली. तोच फलक, माझ्या खाडाखोडीसकट, कोर्टाने ठेवून घेतला.

बाहेर व्हरांड्यात सून बाकावर बसली होती. मी शेजारी टेकले.

"म्हातारे, तू सगळं ऐकायचीस?"

"सगळं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू चहा चांगला करायचीस म्हणून."

ती हसली. हसता हसता रडायला लागली, आणि मग रडायचं थांबवायचं कसं तेच तिला आठवेना. मी तिचा हात धरून बसले. अर्ध्या तासाने वकीलबाईंनी पाणी आणलं तेव्हा कुठे ती शांत झाली. मीही तेव्हाच डोळे पुसले.

निकाल चार महिन्यांनी लागला. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण दिवसभर तिच्यासोबत राहायला एक बाई ठेवता येईल एवढं दुकानाला द्यावं लागलं. ऑफिसात काही ती परत गेली नाही. डॉक्टर म्हणतात, थोडं सुधारेल, पूर्वीसारखं होणार नाही.

सोबतीची बाई पहिल्या दिवशी आली. सुनेने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हिला लिफ्टमध्ये एकटीलाच पाठवा, दोघी मावणार नाहीत." बाईने काढलेल्या चपला पुन्हा घातल्या आणि चालू लागली. मी गुडघे धरत दोन जिने तिच्यामागे उतरले. खालच्या पायरीवर बसवून तिला सगळं सांगितलं, पाटीपासून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं, पण मीही उलटं बोलेन हं."

"बोल की," मी म्हटलं. "मीही आता बोलते."

आम्ही दोघी वर आलो. लिफ्टने, एकत्र.