वाढण्याआधीचा ढेकर

आमच्या बाबांची एकच अट होती: जावई आईच्या हातचा झणझणीत रस्सा चाटूनपुसून खाणारा पाहिजे. ज्याला तिखट झेपत नाही त्याला संसार काय झेपणार, असं त्यांचं म्हणणं. मला या म्हणण्याचा भयंकर राग यायचा. कारण माझा गौतम. बीरगांवच्या कारखान्यात केमिस्ट, आणि हिरवी मिरची दुरून पाहिली तरी छाती चोळणारा.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. बाबांना मंत्रालयात नवी खुर्ची मिळाली होती, त्यामुळे आमच्या अख्ख्या तात्यापारा मोहल्ल्यात ते कुणाचं ऐकत नसत. अशा माणसासमोर रविवारी गौतम जेवायला बसला. आईने रश्शाचं पातेलं आणलं, आणि तेवढ्यात त्याने दणदणीत ढेकर दिला.

"अजून वाढलंच नाही, अन् ढेकर काहून?" बाबा कडाडले.

ढेकर म्हणजे आमच्याकडे जेवणाची पावती. ती जेवणाआधीच! मला हसू आलं आणि लगेच रडूही. संपलं सगळं.

"काका, तिखटाच्या भीतीनं खाण्याचा सोडा पिऊन आलो," गौतम म्हणाला. "ॲसिड पटकन मरते, पण गॅस होते. मले तुमच्या सोनियाशी लग्न करायचं आहे ना."

मला त्याच्याबद्दल फार प्रेम वाटलं. बाबा मात्र लालबुंद झाले, आणि एकदम उठले. "नळ पाहून येतो."

दर जेवणात ते असे उठायचे. नळाची इतकी काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ते परतल्यावर गौतम हळूच म्हणाला, "काका, तुम्ही ॲसिडिटीसाठी मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेऊन राहिले का? मिशीले पांढरं लागलं आहे. नुसतं मॅग्नेशियम पोट ढिलं करते, नुसतं ॲल्युमिनियम घट्ट करते. दोन्ही असलेली बाटली घ्या, मग नळ कमी पाहावा लागेल. अन् डॉक्टरले दाखवा एकदा."

मी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे तुमालेही झेपत नाही?" हा आवाज आईचा होता. "अन् मी तुमच्यासाठी म्हणून इतकं तिखट करून राहिली? माझी स्वतःची छाती जळते!" तिने पदराची गाठ सोडली. आत खडूसारखी पांढरी गोळी होती, जळजळीवरची, कॅल्शियमची.

बाबांनी मिशी पुसली. पातेल्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"पद्मिनी," ते म्हणाले, "रस्सा राहू दे. जावयाले दहीभात वाढ. अन् मलेही."