डावीकडचा कांपाना

माझा नवरा गिल्डार्डो आणि माझा भाऊ ओविडिओ यांनी मिळून तो डॅक घेतला, तेव्हाच मी म्हटलं होतं की दोन घरांत एक वस्तू म्हणजे डोक्याला ताप. कोणी ऐकलं नाही. त्याआधी ओविडिओच्या गाण्यांच्या कपाटाला वाळवी लागली होती. तबकड्या वाचल्या, पण वेष्टनांचा भुगा झाला. त्या धसक्यानं त्यानं सगळा संग्रह कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि मग हाय खाल्ली, कारण कॉम्प्युटरमधून तीच गाणी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी यायची. गिल्डार्डोनं त्याला समजावलं की कॉम्प्युटरमध्ये असतात ते नुसते आकडे, त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी पेटी चांगली हवी. ती पेटी म्हणजे डॅक. जर्मनीतल्या एका लहानशा कारखान्यात हातानं जुळवलेली, दिसायला साधी, वजनाला पाट्यासारखी. एकट्याच्यानं घेणं होईना, म्हणून दोघांनी मिळून घेतली. जानेवारी ते जून आमच्याकडे, जुलै ते डिसेंबर ओविडिओकडे.

आमच्या काली शहरात गाणी जमवणाऱ्यांना तोटा नाही. दर रविवारी दुपारी पेटी ज्या घरात असेल तिथे मंडळी जमायची. कोणी मराका, म्हणजे खुळखुळे, घेऊन यायचं, कोणी घरून काठी आणि कांपाना आणायचं. कांपाना म्हणजे गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखी लोखंडी घंटा, काठीनं वाजवायची. पण लोक यायचे ते खरं तर ओविडिओसाठी. तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोन स्पीकरांच्या समोर मधोमध बसायचा आणि डोळे मिटून बोटानं दाखवायचा: इथे पियानो, त्याच्या मागे कोंगाचे ढोल, तिकडे उजव्या अंगाला ट्रंपेटवाले तिघं, डावीकडे कांपाना. जणू वादक खोलीत उभे आहेत आणि हा पाहुण्यांशी त्यांची ओळख करून देतोय. लोक मान वळवून वळवून बघायचे.

गिल्डार्डोचं चष्म्याचं दुकान आहे. आयुष्यभर त्यानं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर एकेक काच धरून विचारलंय, ‘ही बरी की ही?’ आवाजाच्या बाबतीतही त्याचं तेच. त्यामुळे पेटीच्या आतल्या सर्किटच्या नव्या पट्ट्या निघाल्याचं कारखान्यानं कळवलं, तेव्हा तो घरात फेऱ्या मारायला लागला. खोकं तेच राहणार होतं. आतल्या दोन जुन्या पट्ट्या काढायच्या, दोन नव्या बसवायच्या, की झाली पेटी नवी.

ओविडिओ तयार होईना. एकदा म्हणाला, आहे ते चांगलं आहे. एकदा म्हणाला, नवं म्हणजे चांगलं असं कोणी सांगितलं. एकदा तर म्हणाला, कारखानेवाल्यांचं पोट त्यावरच चालतं, मी साखरेच्या कारखान्यात होतो, मला विचार.

“ऐकून तरी बघ, मेहुण्या,” गिल्डार्डो म्हणाला. “नाही आवडलं तर जुन्या परत बसवू.”

“हा आवाज मला पाठ झालाय,” ओविडिओ म्हणाला. “या वयात मला नवा पाठ करायला लावू नकोस.”

मला तेव्हा जरा नवल वाटलं. हाच माणूस एकेकाळी तबकडीच्या एका सुईसाठी बोगोटाला बसनं जाऊन आला होता. त्या वर्षी त्याच्या आणखी काही गोष्टी बदलल्या होत्या. आमच्याकडे आला की मधली खुर्ची सोडून भिंतीकडेला बसायचा आणि पंख्याचा वारा लागतो म्हणायचा. गाणीही फार जुनी मागायची, डावं-उजवं वेगळं होण्याच्या आधीची. मी म्हटलं, माणूस म्हातारा होतोय.

गिल्डार्डोनं त्याला न सांगता पट्ट्या मागवल्या. जून संपता संपता त्या आल्या. त्यानं जेवणाच्या टेबलावर चादर घातली, दुकानातले बारीक पेचकस आणले आणि सगळी दुपार त्यात घालवली. पेटी लावली, मला समोर बसवलं. फरक होता. आधी पियानोचा सूर संपला की कापल्यासारखा संपायचा, आता तो विझत विझत जायचा. गाणारा श्वास घ्यायचा तेही कळायचं. मी तसं सांगितलं, तर लग्नात दिसला नव्हता इतका तो खूश दिसला.

मी म्हटलं, आता ओविडिओला सांगून टाक. पण त्याचा बेत वेगळा होता. आधी सांगितलं तर ओविडिओ ऐकण्यापूर्वीच नाक मुरडेल. त्यापेक्षा त्याच्याच घरी, त्याच्याच लोकांसमोर त्याला ऐकू दे, त्याच्या तोंडून कौतुक निघू दे, आणि मग सांगायचं.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी ती पेटी घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतली आणि आम्ही टॅक्सीनं ओविडिओकडे गेलो. मंडळी आधीच आली होती. ओविडिओच्या स्पीकरच्या तारा इतक्या जुन्या की डाव्या-उजव्याच्या खुणा पुसून गेलेल्या. गिल्डार्डो घाईघाईनं कपाटामागे वाकला, चष्मा कपाळावर चढवून अंदाजानं तारा जोडल्या आणि घाम पुसत माझ्याशेजारी येऊन बसला.

ओविडिओनं सवयीप्रमाणे जुनीपुराणी गाणी लावली. रोस्मिराबाई, म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, कंटाळून म्हणाल्या की आज तो मोठ्या ताफ्याचा रेकॉर्ड लाव, वर्ष झालं ऐकून. बाकीच्यांनीही लावून धरलं. ओविडिओनं आढेवेढे घेतले, पण लावला.

गाणं सुरू झालं आणि माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय. कांपाना खिडकीकडून येत होता. खिडकी उजवीकडे आहे. ट्रंपेट दाराकडून, डावीकडून. हा रेकॉर्ड मी लहानपणापासून ऐकलेला. तारा उलट लागल्या होत्या.

मी गिल्डार्डोकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. तो उठणार, तेवढ्यात ओविडिओनं डोळे मिटले आणि हात वर केला.

“ऐका,” तो म्हणाला. “आज कांपाना किती स्वच्छ येतोय. किती दिवसांनी असा ऐकला मी. आणि हे म्हणतात पट्ट्या बदला.”

हे म्हणताना त्याचं बोट डावीकडे होतं. कांपाना त्याच्या उजव्या कानाशी ठणठणत होता आणि तो डावीकडे, जिथे आवाजच नव्हता तिथे, बोट दाखवत होता. मग ट्रंपेट आले. बोट उजवीकडे गेलं. दोन-तीन जणांनी मान वळवली, एकमेकांकडे बघितलं आणि मान सरळ केली. रोस्मिराबाई मांडीवरच्या बशीकडे बघत राहिल्या.

गिल्डार्डो खाली बसला. ज्या कौतुकासाठी महिनाभर जीव टाकत होता ते त्याला मिळालं होतं, पण त्याचा चेहरा पडला होता. परतताना टॅक्सीत तो एवढंच म्हणाला की ओविडिओला एका कानानं ऐकू येत नाही, एडिल्मा. मी म्हटलं, कळलं मला.

दुसऱ्या दिवशी तो चष्म्याचं घर विसरल्याचं निमित्त काढून तिकडे गेला आणि ओविडिओ कॉफी करत होता तेवढ्यात तारा सरळ करून आला. त्याला वाटलं, निदान पुढच्या रविवारी चारचौघांत शोभा नको. पण बुधवारी ओविडिओचा मला फोन आला. आवाज चिडलेला. तुझ्या नवऱ्यानं पेटीला हात लावला का? कांपाना गेलाय. रविवारी होता, आता ओढून ताणून ऐकावा लागतोय.

मी लगेच निघाले. वाटेत पांदेबोनो घेतले, चीजचे गरम पाव. तो स्वयंपाकघरात होता. मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून हळूच हाक मारली. त्यानं वळून बघितलं नाही. मग समोर जाऊन बसले.

“डावा कान कधी गेला?” मी विचारलं.

त्यानं दोन कपांत कॉफी ओतली, साखर घातली, ढवळली.

“ऑक्टोबरात,” तो म्हणाला. “सकाळी उठलो तर नव्हता.”

त्याला वाटलं सर्दीनं बसला असेल. तेल घातलं, वाफ घेतली. डॉक्टरकडे गेला तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाला, लगेच आला असता तर काही करता आलं असतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. तो खाली बघत म्हणाला की तुला सांगितलं म्हणजे गिल्डार्डोला कळलं, गिल्डार्डोला कळलं म्हणजे दुकानाला कळलं, आणि मग रविवारी कोण येणार.

“लोक माझं बोट बघायला येतात,” तो म्हणाला. “आता ते बोट कुठे जातं ते माझं मलाच कळत नाही. पाठ आहे म्हणून दाखवतो.”

मग मी त्याला तारांचं सांगितलं. कांपाना का आला आणि का गेला ते. रविवारी सगळ्यांसमोर काय झालं हे त्याला समजलं, ते मला त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. मी गिल्डार्डोला फोन करून बोलावून घेतलं. म्हटलं, आता उरलेलंही सांगून टाक.

गिल्डार्डोनं उभ्या उभ्याच सांगितलं: पट्ट्या मागवल्या, बसवल्या, तू ऐकतोयस ती जुनी पेटी नाही. कानाबद्दल बोलताना जो माणूस मऊ झाला होता तो एकदम उसळला.

“कान गेला तो देवानं नेला,” ओविडिओ म्हणाला. “हे तू केलंस. ती पेटी अर्धी माझी आहे.”

“अर्धीच बदलता येत नव्हती,” गिल्डार्डो म्हणाला.

मला हसू आलं. मी कपानं तोंड झाकलं. ओविडिओला मात्र हसू आलं नाही. गिल्डार्डोनं त्याला सांगायचा प्रयत्न केला की नव्या पट्ट्यांत एक सोय आहे, कळ दाबली की डावं-उजवं एकत्र होतं आणि दोन्ही बाजूंनी सगळंच येतं, त्यामुळे एका कानाला काही कमी पडत नाही.

“म्हणजे सांकोचो करायचा गाण्याचा,” ओविडिओ म्हणाला. आमच्याकडे रविवारी कोंबडी, युका, मका, केळं सगळं एकाच पातेल्यात शिजतं, तो हा सांकोचो.

“तू सांकोचोच्या दोन वाट्या खातोस,” गिल्डार्डो म्हणाला. “तेव्हा कोंबडी कुठल्या बाजूला आहे ते विचारत नाहीस.”

ओविडिओनं आम्हाला दार दाखवलं.

त्या रविवारी जावं की नाही यावरून आमच्यात बोलाचाली झाली. शेवटी गेलो. ओविडिओनं गाणं लावायच्या आधीच, दारूच्या पेल्यांत बर्फ घालता घालता, सगळ्यांना सांगून टाकलं की त्याचा डावा कान बंद आहे आणि मागच्या वेळी त्यानं चुकीचं दाखवलं. मग रोस्मिराबाई म्हणाल्या, “बाबा रे, आम्ही तुझ्या तळलेल्या एंपनाड्यांसाठी येतो. पण दाखवतोस तेही बरं वाटतं.” त्यावर सगळे हसले, आणि ओविडिओही.

मंडळी गेल्यावर तो पेटीपुढे बराच वेळ उभा राहिला. गिल्डार्डोनं मदतीला जाऊ नये म्हणून मी त्याचा हात धरून ठेवला होता. ओविडिओनं स्वतःच कळ शोधली आणि तोच रेकॉर्ड पुन्हा लावला. बसला. कांपाना आला, ट्रंपेट आले, मागून कोरसवाले आले. कोणीच कुठल्या बाजूला नव्हतं, सगळे एका ठिकाणी दाटीवाटीनं उभे. त्यानं हात मांडीवरून उचलला नाही. गाणं संपलं तेव्हा त्यानं नाक शिंकरलं, आणि पियानो आधी असा लांबत नसे, असं म्हणाला. गिल्डार्डोनं माझ्याकडे बघितलं, पण तोंड उघडलं नाही. त्याच्या स्वभावाला ते जड गेलं असणार.

आता राहिलेल्या कानाची मी काळजी घेते. दर थोड्या महिन्यांनी त्याला तपासणीला नेते. तिथे काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावतात आणि बारीक आवाज आला की बटण दाबायला सांगतात. मागच्या खेपेला तो बाहेर आला तो कपाळाला आठ्या घालूनच. मी घाबरले. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या की वयाच्या मानानं उजवा कान उत्तम आहे.

“कान ठीक आहे हो,” ओविडिओ त्यांना म्हणाला. “पण तुमचं ते यंत्र फार जुनं झालंय. आवाज पत्र्यासारखा येतो.”

बाईंनी हसून पुढची तारीख दिली. आम्ही खाली उतरलो, कोपऱ्यावरच्या गाडीवर मीठ-मध घातलेलं चोंतादुरोचं फळ घेतलं आणि मी त्याच्या उजव्या बाजूनं चालत राहिले.