खातूनबीचं लिंबू

"हात सैल सोड गं, शालू. दुखणार नाही," असं म्हणत नवरीच्या हातात हिरवी बांगडी चढवणारी खातूनबी स्वतःच किंचाळली.

बांगडी तिच्याच अंगठ्याच्या नखाला लागली होती. दचकलेल्या शालूचा धक्का टोपलीला बसला आणि टोपलीतलं भोक पाडलेलं लिंबू घरंगळत थेट नवरीच्या पाटाखाली गेलं.

शालूची आजी, सोजरबाई, उठून उभी राहिली. "करणीचं हाय?"

"नखुरड्याचं आहे. कसब्यातनं मांजरीपर्यंत अंगठ्यात घालूनच आले. कंडक्टर म्हणाला, लिंबाचं हाफ तिकीट पडेल."

कुणी हसलं नाही. खातूनबीनं ओठ चावून सगळा चुडा भरला, एकही बांगडी वाढू दिली नाही. पण गावात बोभाटा झाला तो लिंबाचाच. लग्नघरांची बोलावणी थांबली.

अंगठ्याचं हे दुखणं सहा वर्षं चाललं होतं. गार पाणी लागलं की नखातून खांद्यापर्यंत वीज जायची, आणि बाहेरून अंगठा ठणठणीत. एका डॉक्टरनं मानेला पट्टा दिला. दुसऱ्यानं तिच्या नवऱ्याला, सिराजला, बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही ताण?"

"मला आहे," सिराज म्हणाला. "भांडी मी घासतो."

शेवटी फक्त हाताचे आजार बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी टाचणीचं डोकं नखावर टेकवलं. इथे? नाही. इथे? नाही. तिसऱ्या जागी खातूनबीची लाथ बसून औषधांचा ट्रे दारापर्यंत गेला.

"सापडली," बाई खुशीत म्हणाल्या. "नखाखाली गाठ आहे, मोहरीएवढी. फार क्वचित होते. कॅन्सर वगैरे नाही, पण काढावी लागेल."

"अंगठा राहील? बांगड्या भरायच्यात मला."

"राहील."

"मग आधी यांना आत बोलवा. सहा वर्षं भांडी फुकट घासली नाहीत म्हणावं."

ऑपरेशनच्या टेबलाशी बाईंनी भुलीची सुई उचलली. "खातूनबी, हात सैल सोडा. दुखणार नाही."

"तीस वर्षं मी बायकांना हेच सांगतेय," खातूनबी म्हणाली. "दुखतं."

मग मनगट मऊ करून, नवरीनं द्यावा तसा तिनं हात पुढे केला. सुई आत गेली तेव्हा ती बाईंच्या मोकळ्या मनगटाकडे बघत होती. हातमोज्यावरूनच तिनं बांगडीचं माप घेतलं.

सव्वादोन.