फाटकासमोरचा प्रवास

घर विकून बाई आणि सुतारकाका जगप्रवासाला निघाले आणि महिनाभरानंतरही आपल्याच जुन्या घराच्या फाटकापर्यंतच पोचले होते.

तसं ठरलं नव्हतं. बाईंनी उभी हयात शाळेत मुलांना नकाशावर नद्या दाखवल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या नद्या खरोखर ओल्या असतात का, ते बघायचं होतं. काकांनी एक जुनी मिनीबस घेऊन तिच्यात संसार बसवला. पलंगाखाली कपाट, कपाटाखाली पाण्याची टाकी, ओट्यावर फळी टाकली की जेवणाचं टेबल. एकानं कूस बदलायची तर दुसऱ्यानं आधी खाली उतरायचं. पहिल्याच दिवशी नदी गाठली. ओली निघाली. झोपायच्या वेळी बाई म्हणाल्या, "अहो, एकदा घर नजरेखालून घालते. मग निघूच."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. सकाळी मोठ्या उमेदीनं निघायचं, बाईंचा जीव दुपारपर्यंत तग धरायचा, दिवेलागणीला गाडी पुन्हा फाटकासमोर.

घर घेतलं होतं दातांच्या एका तरुण डॉक्टरांनी. सुरुवातीला ते विचारायचे, "काही राहिलं का तुमचं?" पुढे त्यांनाही सवय झाली. बाई गाडीच्या खिडकीतून सांगायच्या, "वरचं बटण दाबू नका डॉक्टर, ते नुसतं शोभेला आहे. दिवा खालच्यानं लागतो." डॉक्टर मुकाट्यानं खालचं दाबायचे.

"दाढ काढली की जीभ सारखी तिथेच जाते," एकदा ते म्हणाले. "जाईना का. थोड्या दिवसांनी कंटाळते."

"आणि नाही कंटाळली तर?"

"तसा पेशंट अजून बघितला नाही," डॉक्टर म्हणाले आणि बाईंकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी काकांना घरातली बारीकसारीक कामं सांगितली. काकांनी आधी स्वयंपाकघरातली खिडकी सरळ केली.

"लग्न झाल्यापासून सांगत होते, ती खिडकी बघा म्हणून," बाई म्हणाल्या. "तेव्हा हात नव्हते का?"

"हात होते. गिऱ्हाईक नव्हतं."

मग जिना झाला. लेक कॉलेजातून उशिरा आली की त्यातली एक पायरी करकरून चुगली करायची. म्हणून लेक ती पायरी गाळून उडी मारायची आणि त्या धप्पनं अख्खं घर उठायचं. आता पायरी गप्प झाली होती. लेक तर केव्हाच दूरदेशी गेली होती.

उरलं मागच्या खोलीचं दार. फुगून चौकटीत बसलेलं. सासूबाई म्हणायच्या, "हे दार नव्हे, जावई आहे. ढकलल्याशिवाय हलायचं नाही." त्या खांद्यानं ढकलायच्या, लेक लाथेनं, काका शिवी देऊन, बाई कमरेनं. नुसत्या आवाजावरून कोण आत गेलं ते कळायचं. सासूबाई गेल्यावरही वाऱ्यानं दार आदळलं की बाई दोन कप चहा टाकायच्या.

"तेवढं दार सोडा," बाई म्हणाल्या.

"डॉक्टरांना काय सांगू? त्यात माझी आई आहे म्हणून?"

"तेच सांगा."

काका खरंच दवाखान्यात गेले आणि तेच सांगून परत आले. "ते म्हणाले, राहू द्या. पण त्यांची आई आलीय, ती त्याच खोलीत राहणार. मघापासून आत अडकलीय, आतून फोन आला होता तिचा. ते घरी येईपर्यंत बसते म्हणाली."

बाई चपला न घालताच गाडीतून उतरल्या. दाराला नेहमीच्या जागी कंबर लावली. दार उघडलं. आत डॉक्टरांची आई काठी घेऊन खाटेवर बसली होती, स्टॅंडावर गाडीची वाट बघावी तशी.

"कसं उघडलंत हो?" म्हातारीनं विचारलं.

"कमरेनं. शिकवते, या."

"कंबर नवी बसवलीय, बाई. जपून वापरायला सांगितलंय."

बाई थोडा वेळ दाराला टेकून उभ्या राहिल्या. मग खिडकीतून हाक मारली, "अहो, रंधा घेऊन या."

काकांनी दार बिजागऱ्यांतून उतरवून आडवं धरलं. दुसरं टोक बाईंनी धरलं. रंधा फिरला तशा लाकडाच्या कुरळ्या साली पडू लागल्या. कडेला लेकीनं हट्टानं दिलेला निळा रंग, त्याखाली सासूबाईंच्या पसंतीचा हिरवा, त्याखाली बाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हाचा बदामी. मग नुसतं लाकूड.

दार बसवलं. म्हातारीनं बोटानं लोटलं, उघडलं, पुन्हा लोटलं. आवाज नाही. बाई कान देऊन उभ्या होत्या. म्हातारीला खेळच मिळाला. ती आत-बाहेर करत राहिली आणि बाईंच्या कानांपुरतं कोणीच आलं-गेलं नाही.

"चला," बाई म्हणाल्या. "उजेड आहे तोवर निघू." आणि म्हातारीकडे वळून, "जातो आम्ही."

"अगं बाई, जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

"नको," बाई म्हणाल्या. "येतो म्हटलं की आम्ही खरंच येतो."