जहाल बाई

इस्त्रीखान्यातल्या बायका तिला जहाल बाई म्हणायच्या, आणि तिला ते ऐकायला आवडायचं. जहाल म्हणजे जिच्या वाटेला कुणी जात नाही ती. एक घडी वाकडी दिसली की ती अख्खा गठ्ठा जमिनीवर भिरकावायची. "बाई आहे की तोफ!" म्हणत बायका हसायच्या. जो उलट बोलू शकत नाही त्याच्यावर ओरडणाऱ्यालाच आपण सगळे जहाल म्हणतो, आणि वर कौतुक करतो.

तिथला नियम असा, की जिनं इस्त्री केली तिनं कॉलरखाली आपल्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घालायचा. बाईचा हिरवा, नव्या बाईचा पिवळा. काल संध्याकाळी घाईत बाईचा हिरवा दोरा संपला. रीळ आणायला कोठीपर्यंत कोण जाणार? तिनं न विचारता नवीची ओवलेली सुई उचलली आणि शेवटच्या चार कोटांना पिवळे टाके मारले.

आज सकाळी मॅनेजर त्यातलाच एक पांढरा कोट घेऊन आला. पाठीवर इस्त्रीचा तपकिरी डाग.

"पिवळा दोरा कुणाचा?"

"माझा," नवी म्हणाली. "पण साहेब, हा कोट माझ्या हातचा नाही."

"मग टाका काय आपोआप पडला?"

सगळ्या बायका जहाल बाईकडे बघायला लागल्या. आता ही साहेबाची सालटी काढणार! बाईनं कोट ओळखला होता. मान खाली घालून ती एका इस्त्री झालेल्या बाहीवर पुन्हा इस्त्री फिरवत राहिली. फिरवतच राहिली.

"उद्यापासून येऊ नका," मॅनेजर नवीला म्हणाला आणि निघून गेला.

नवीनं डबा पिशवीत टाकला. जाताजाता ती बाईच्या टेबलापाशी थांबली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच वाईट.

"बाई, मनाला लावून घेऊ नका. कोट कुणाच्या हातचा ते तुम्हाला माहीत असतं, तर तुम्ही साहेबाला फाडून खाल्लं असतं. मला ठाऊक आहे."

मॅनेजरची केबिन दहा पावलांवर होती. दारही उघडंच होतं.

"जा, बस चुकेल," बाई पुटपुटली.

"काय म्हणालात?" नवीनं कान पुढे केला.

बाईनं पुन्हा तेच सांगितलं.